दोन वाजताची आळी

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेला वाहन चालवण्याचे परवाने आयुष्यात दोन मिळाले. पहिला सरकारने दिला. त्यासाठी मैदानात एक मोठा इंग्रजी आठचा आकडा काढावा लागला, तो मी काढला, आणि साहेबांनी मान वर न करता सही केली. दुसरा परवाना आमच्या आळीने दिला. त्यासाठी तीन वेळा परीक्षेला बसावं लागलं, आणि तिन्ही वेळा परीक्षक गाढ झोपलेले होते. या घोषणेच्या सन्मानार्थ वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. आडवं पडून वाचलं तरी चालेल. किंबहुना आडवं पडणाऱ्या माणसांचीच ही गोष्ट आहे.

रत्नागिरी शहर संपलं असं वाटतं आणि चार माडांनंतर पुन्हा सुरू होतं, तिथे आमची आळी. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला विहार, मध्ये दोन्ही हातांना घरं आणि त्यांचे चिऱ्याचे गडगे, म्हणजे बुटक्या कुंपणभिंती. रुंदी म्हणाल तर एक गाडी आणि तिच्या शेजारून अंग चोरून जाणारा एक माणूस. मी शाळेत असताना तिथे डांबर पडलं. नगरपालिकेने तो रस्ता म्हणून केला होता, पण आळीतल्या बायकांनी त्याच्याकडे सरकारने फुकट दिलेला एक लांबलचक तवा म्हणूनच पाहिलं. एप्रिल-मेमध्ये त्या तव्यावर काय नसे! मिरच्या, तांदळाच्या फेण्या, आंब्याची साठं, आणि रातांबे फोडून त्यांच्याच रसात बुडवून काढलेली आमसुलं. सकाळी चटया अंथरायच्या, ऊन कलेल तशा सरकवायच्या, संध्याकाळी गुंडाळायच्या. सगळ्या आळीला आंबटगोड वास येई आणि सगळ्या बायकांचे हात महिनाभर लालभडक असत.

अशा रस्त्यावरून माझे बाबा गाडी चालवत. बाबा आधी एका सरकारी कचेरीत जीपवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि आळीतली, आसपासच्या वाड्यांतली अकरा मुलं शाळेत न्यायला लागले. सकाळी आई भाकऱ्या थापायची त्या आवाजाबरोबर बाहेर व्हॅनचा आवाज मिसळे, आणि मला खूप वर्षं वाटायचं की थापलेली भाकरी फुगायला इंजिन चालू असावं लागतं. भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाची पिठी खाऊन बाबा निघत. विहिरीपासून विहारापर्यंतचं अंतर लहान मूल एका दमात पळून जाईल एवढं, पण बाबांना त्याला दहा मिनिटं लागत. रस्त्यात चटई आली की ते गाडी थांबवत, खाली उतरत, हाक मारत, "वयनी, तुमची आमसुलं जरा सरकवतो हां!" मग स्वतः चटई उचलून गडग्याला लावत, गाडी पुढे नेत, पुन्हा उतरून चटई होती तिथे अंथरत आणि वर एखादं उलटं पडलेलं आमसूल सुलटं करत. पुढच्या घराशी पुन्हा तेच. आई दारातून ओरडायची, "अहो, गाडी चालवताय की जयंतीची मिरवणूक काढताय?"

हॉर्न मात्र नाही. आळीत शिरल्यावर बाबांचा हात हॉर्नवर गेलेला मी कधी पाहिला नाही. माझा चुलतभाऊ विलासदादा मुंबईत चार वर्षं टेम्पो चालवून आला होता. त्याच्याकडे हॉर्नचे तीन प्रकार होते आणि त्यातला एक तर गाणं म्हणायचा. तो म्हणे, "काका, हॉर्न दिला की माणसं आपोआप बाजूला होतात. त्यासाठीच तर बसवतात ना तो?" बाबा शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "घाटात द्यावा. तिथं वळणापलीकडे कोण आहे ते आपल्याला माहीत नसतं. आळीत कोण आहे ते माहीत असतं. मग ओरडायचं कशाला?" विलासदादाने माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही मारला. तेव्हा मी विलासदादाच्या पार्टीत होते, हे कबूल केलेलं बरं.

मला गाडी शिकायची होती. आईला मी मास्तरीण व्हायला हवी होते, पण मला एका जागी उभं राहून शिकवण्यापेक्षा बसल्या जागी पुढे जाणं जास्त आवडत होतं. बाबा नाही म्हणाले नाहीत. गावावरच्या सड्यावर, कातळाच्या त्या मोकळ्या माळावर त्यांनी मला क्लच, गिअर, ब्रेक सगळं शिकवलं. तिथे धडकायला फक्त करवंदीची जाळी होती, तिला मी दोनदा धडकले. सरकारी परवाना हातात पडला त्या संध्याकाळी मी तो ताटाशेजारी ठेवून जेवायला बसले. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, फोटो छान आलाय म्हणाले आणि परत दिला. "आता आळी शीक," म्हणाले. "आठ दिवस पायी चाल. गाडीला हात लावायचा नाही."

वाचकहो, आठ दिवस मी आपल्याच आळीत परक्या गावच्या पाहुण्यासारखी हिंडले. रोज रात्री जेवताना तोंडी परीक्षा.

"तिसऱ्या घराची पायरी कुठं उतरते?"

"रस्त्यात."

"किती?"

"एक."

"दीड. अर्धी मातीत गाडली गेल्येय, पण टायरला ती कळते. तात्यांची खाट?"

"ओटीवर."

"डोकं कुठल्या बाजूला?"

"बाबा, तात्यांचं डोकं मी कशाला बघू?"

"रस्त्याकडे आहे. इंजिनाचा आवाज आधी त्यांच्या कानात शिरतो. उद्या परत चाल."

आई ताटात पिठी वाढता वाढता म्हणाली, "पोरीला ड्रायव्हर करताय की पोस्टमन?"

हसू आलं तरी मी चालत राहिले, आणि हळूहळू मला आळी दिसायला लागली. कोणती कोंबडी गाडी आली की पळते आणि कोणती अगदी शेवटच्या क्षणी रस्ता ओलांडते. कोणाच्या दारात पोरं लगोरी मांडतात आणि चेंडू कुठून येतो. कावळ्यांसाठी उघडी ठेवलेली सखूआजीची काळी छत्री, आणि त्या छत्रीला अजिबात न भिता तिच्याच टोकावर बसून आमसुलं निवडणारे कावळे. आज माझा भाचा फोनवरचा नकाशा दाखवून मला सांगतो, "मावशी, हे अंतर दोन मिनिटांचं आहे, तू अकरा मिनिटं लावलीस." त्या नकाशाला कोंबड्या दिसत नाहीत, त्याला मी काय करू?

मग परीक्षा ठरली. बाबांचं म्हणणं असं की दुपारी दोन वाजता आपली आळी झोपते. जेवणं झालेली असतात, उकाडा असतो, जो तो ओटीवर, पडवीत, जिथे वारा लागेल तिथे आडवा होतो. त्या वेळी जो ड्रायव्हर विहिरीपासून विहारापर्यंत कोणालाही न उठवता गाडी नेईल, तो हळू चालवतो, बघून चालवतो, त्याच्या गाडीत मुलं बसवायला हरकत नाही. निकाल द्यायला तात्या मास्तर. पस्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत नापास करण्याचं काम निष्ठेने केलेलं. अट ऐकून ते प्रसन्न झाले. "उत्तम. जाग आली तर नापास, नाही आली तर पास. मला काही करायचंच नाही."

पहिल्या परीक्षेत विहिरीच्या वळणावरच गाडी बंद पडली. ती पुन्हा चालू करताना मी स्टार्टर तीनदा फिरवला, आणि तिसऱ्या वेळी तात्या ओटीवर उठून बसले होते. त्यांनी मला लांबूनच हाताने भोपळा काढून दाखवला. दुसऱ्या परीक्षेत आवाज झाला नाही. मी पिसासारखी विहारापर्यंत पोचले, अभिमानाने मागे वळून पाहिलं, तर रस्त्यावर एक लांब लाल पट्टा उठलेला. सखूआजीच्या चटईच्या कडेवरून माझं डावं चाक गेलं होतं, आणि आमसुलांचा रस चाकाने विहारापर्यंत रंगवत आणला होता. पुरावा एवढा ठसठशीत होता की चौकशीची गरजच पडली नाही. मी आणि आई माफी मागायला गेलो. सखूआजी कमरेत वाकलेली, वय तिलाही माहीत नसलेलं, आळीतल्या सगळ्यांना मेल्या-मेल्ये म्हणणारी. ती म्हणाली, "जाऊ दे गो. गाडीला पण कधी आंबट खावंसं वाटतं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते एका सकाळी थांबलं. बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बसली आणि दुसऱ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्यातून फक्त सावल्या दिसत. डॉक्टरांनी निदान दोन महिने गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते. मुलांचे आईवडील बाबांना विचारून जाऊ लागले, दादा, गाडी कोण चालवणार? विलासदादा संध्याकाळी येऊन ओटीवर बसू लागला आणि व्हॅनच्या टायरना सहज म्हणून लाथा मारून हवा बघू लागला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला ही किल्ली किती हवी आहे. नुसती गाडी नको होती. बाबांनी स्वतः उठून ती माझ्या हातात द्यावी, एवढं हवं होतं. बाबा म्हणाले, "तिसरी परीक्षा शेवटची. जमलं तर किल्ली तुझी. नाही तर विलासची, मग तक्रार करायची नाही. आणि त्याआधी पुन्हा चार दिवस आळी चाल. दुपारी दोन वाजता चाल. वेळ बदलली की आळी बदलते."

मी चालले. पण सकाळी आठ वाजता. मे महिन्याच्या उन्हात दोन वाजता चालायचं कोणी? त्या वेळी मी आतल्या खोलीत पंख्याखाली पडत असे. बाबांनी विचारलं, "चाललीस?" मी म्हटलं, "चालले." शब्दाने खोटं नव्हतं.

तिसऱ्या परीक्षेची दुपार. बाबा मागच्या सीटवर बसले, हातात काठी, डोळ्यावर हिरवी पट्टी. विलासदादा विहारापाशी वडाच्या सावलीत, निकालाची आणि किल्लीची वाट बघत. मी पहिल्या गिअरमध्ये विहिरीचं वळण घेतलं. गाडी चालत होती म्हणण्यापेक्षा श्वास घेत होती. दीड पायरी सांभाळली. शेवटच्या क्षणी ओलांडणारी कोंबडी ओलांडून होईपर्यंत थांबले. तात्यांच्या ओटीवरून घोरणं ऐकू येत होतं, गाडी पुढून गेली तरी ते एका लयीत चालूच राहिलं, आणि आयुष्यात कुठल्या गवयाचा सूर मला एवढा गोड वाटला नाही. आता राहिलं होतं फक्त सखूआजीचं घर, आणि पुढे विहार.

सखूआजीच्या घरासमोर चटई, चटईच्या टोकाला ती काळी छत्री आडवी टेकवलेली, तिच्यापुढे रस्त्यात आलेलं एक गोणपाट. चटई या खेपेला गडग्याला चिकटून होती. डावं चाक गोणपाटावरून गेलं असतं, छत्रीची कड जराशी वाकली असती, बस्स. बाबांचा नियम असा की रस्त्यात काहीही असलं तरी उतरायचं आणि बघायचं. पण उतरायचं म्हणजे दार उघडायचं, आणि आमच्या व्हॅनचं ते पुढचं दार! खाऱ्या हवेने त्याचं बिजागर खाल्लं होतं. बाबा ते तळहाताने किंचित वर उचलून उघडत तेव्हा चकार शब्द काढत नसे. मला ती युक्ती कधीच साधली नाही. माझ्या हाताने ते उघडलं की डुक्कर कापल्यासारखं किंचाळायचं. दार उघडलं की आळी उठणार, आळी उठली की किल्ली विलासची. गोणपाटाला थोडंच काही होतं? मी क्लच सोडायला लागले.

तेवढ्यात माझं लक्ष कावळ्यांकडे गेलं. पाच-सहा होते, गडग्यावर, लांब, एका रांगेत, माना वाकड्या करून आमसुलांकडे बघत. पण चटईवर एकही नव्हता. छत्रीवर एकही नव्हता. सकाळी याच छत्रीवर बसून ते पोटभर जेवायचे. छत्रीला न भिणारे कावळे आज कशाला भिताहेत?

मी गाडी बंद केली. हँडब्रेक ओढला. थोडा वेळ दाराच्या कडीवर हात ठेवून बसले, आणि मग दार उघडलं.

ते किंचाळणं मला आजही ऐकू येतं. कुत्रे भुंकले, कुठलंसं तान्हं पोर रडायला लागलं, घरोघरच्या ओट्यांवर माणसं धडपडून उठली. तात्या धोतर सावरत आले आणि येता येताच म्हणाले, "नापास!" विलासदादा विहाराकडून पळत आला. आणि मी रस्त्यात उकिडवी बसून गोणपाटाचं टोक उचललं होतं. त्याखाली दोन सुकलेली, भेगाळलेली पावलं होती, आणि छत्रीखाली, विटेवर डोकं ठेवून, सखूआजी झोपली होती. माझ्या चाकाने तिची आमसुलं खाल्ली त्या दिवसापासून ती रोज दुपारी राखणीला तिथेच आडवी होत होती, आणि उन्हाने पाय भाजतात म्हणून गोणपाट घेत होती, हे मला मागाहून कळलं. आळीला माहीत होतं. दोन वाजता चालणाऱ्या कोणालाही माहीत झालं असतं.

बाबा काठी टेकत उतरले, गाडीचं नाक चाचपत पुढे आले. "काय आहे?"

"सखूआजी आहे बाबा. छत्रीखाली. पाय रस्त्यात."

ते खाली बसले. चाकावर हात ठेवला, तिथून जमिनीवर बोटं पसरत पसरत आजीच्या पावलापर्यंत नेली. दोन वीत.

"तुला दिसली होती?"

"नाही."

"मग थांबलीस कशी?"

"कावळे लांब बसले होते."

मला राहवलं नाही. "बाबा, मी दुपारी चाललेच नाही. सकाळीच चालले."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "माझा डोळा बांधलाय, कान नाहीत. दुपारी पंख्याखाली कोण घोरायचं?"

इकडे तात्यांना निकाल लोंबकळत ठेवणं सहन होत नव्हतं. "हे सगळं ठीक आहे हो, ड्रायव्हर, पण अट ती अट. झोप मोडली. माझी मोडली, सगळ्या आळीची मोडली. नापास म्हणजे नापास." विलासदादाने हात पुढे केला होता, मागायला नव्हे, नुसता, सवयीने पुढे गेल्यासारखा. बाबांनी गाडीतली किल्ली काढून मुठीत धरली, आणि ती मूठ कोणाकडे वळणार ते मला कळेना. एवढा गलका होऊनही सखूआजी हलली नव्हती. तात्यांनाच शंका आली, त्यांनी वाकून तिच्या अंगावरची छत्री उचलली. ऊन सरळ तोंडावर पडलं तशी तिने डोळे उघडले. वर सगळी आळी गोल करून उभी, उशाला तात्या, पायथ्याशी हिरवी पट्टी बांधलेले बाबा.

"मेले की काय गो मी?" तिने विचारलं.

आळी हसली, तात्या सोडून. ते तिला समजावू लागले, की आजी, ही परीक्षा होती, गाडीने कोणाची झोप मोडता कामा नये अशी अट होती, आणि या मुलीने ती मोडली. पुढे सव्वीस वर्षं मी मुलं शाळेत पोचवली, त्यातल्या काहींची मुलंही पोचवली, आणि अजूनही कुठल्याही गावातल्या कुठल्याही गल्लीत शिरले की आधी कावळे कुठे बसलेत ते बघते. पण त्या दुपारी बाबांची मूठ माझ्या तळहातावर उघडली ती माझ्या बोलण्याने नाही, तात्यांच्या तर नाहीच नाही. ती उघडली सखूआजीमुळे. तिने तात्यांच्या हातातली छत्री हिसकावून घेतली, ती डोक्यावर ओढून पुन्हा विटेवर डोकं टेकलं, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली, "गाडीनं कुठं उठवलं रे मला? तू उठवलंस, मेल्या!"